दोन्ही मशीन शेजारी ठेवली, तरी फरक कळेना

प्रश्न : आमच्या घरात सध्या एकाच विषयावरून धुसफूस चालू आहे. मुलगा अठरा वर्षांचा. आमचा प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, त्याला आता 'मागे पडलेला' वाटतो, त्याला त्याचीच जास्त ताकदीची आवृत्ती, प्रो, हवी आहे. नवरा जुन्या गेमचा भक्त. त्याचं म्हणणं, चित्रं आता पुरेशी खरी दिसतात, यापुढे ग्राफिक्सची ताकद वाढवत बसणं हा निव्वळ कंपन्यांचा धंदा आहे. दोघांनी मला पंच नेमलंय आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. मावसबहिणीकडे दोन्ही मशीन शेजारी लावून एकच गेम पाहिला. दोघं 'बघ, बघ ना' करत होते, मला मात्र काडीचाही फरक दिसला नाही. माझ्या डोळ्यांचं काही चुकतंय का? आणि कन्सोलला खरंच आणखी ताकद लागते का?
– दोघांच्या मधली

प्रिय मधल्या ताई,

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ नका. आधी एक सांगा, तुम्ही सोफ्यावर बसून पाहत होतात आणि ते दोघं टीव्हीला नाक लावून उभे होते, बरोबर? मग फरक न दिसणं हे निकोप डोळ्यांचंच लक्षण समजा.

हिशेब सोपा आहे. ४के पडदा म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. आधीच्या १०८०पी पडद्यावर सुमारे २१ लाख. म्हणजे चौपट. ऐकायला दणदणीत वाटतं. पण निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो, त्याखालचं सगळं एकमेकांत मिसळतं. ५५ इंची टीव्हीवर १०८०पीचा एक ठिपका साधारण ०.६ मिलिमीटरचा, म्हणजे सात फुटांच्या पुढे गेलात की तो सुटा दिसत नाही. ४केचा ठिपका त्याच्या निम्मा, तो साडेतीन फुटांपलीकडेच विरघळतो. माणसामाणसात थोडं कमीजास्त होतं आणि हलत्या चित्रातल्या तिरप्या रेषांचं चमचमणं लांबूनही जाणवतं, हे कबूल. तरी आठ फुटांवर बसलेल्या माणसाला २१ लाख आणि ८३ लाख यांतला फरक ओळखताना घाम फुटतो. आणि तुमच्या समोरची मशीन तर दोन्ही ४के टीव्हीलाच जोडलेली. त्यांच्यातलं अंतर याहून कितीतरी कमी.

म्हणजे या मुद्द्यावर नवऱ्याची बाजू भक्कम आहे. ती मी आधी पूर्ण मांडतो, नाहीतर तो म्हणेल सदरवाल्याने पोराची बाजू घेतली.

जुन्या रेसिंग गेममधलं गाडीचं चाक आठवायला सांगा त्याला. १९९४ साली पहिला प्लेस्टेशन आला तेव्हा अशा चाकाच्या कडा मोजता यायच्या. चाक कसलं, आठ कोपऱ्यांचा तुकडा गरागरा फिरायचा. आठाच्या सोळा कडा केल्या की डोळ्यांचं पारणं फिटतं. सोळाच्या बत्तीस केल्या तर 'हं, छान' एवढंच. बत्तिसाच्या चौसष्ट केल्या तर सांगावं लागतं की बदल झालाय. मशीनला कष्ट मात्र प्रत्येक वेळी दुप्पट. ग्राफिक्सची सगळी गोष्ट या चाकात आहे. २०१३चा प्लेस्टेशन ४ होता १.८४ टेराफ्लॉपचा, २०२०चा ५ आला १०.२८चा, आणि नोव्हेंबर २०२४चा प्रो १६.७चा. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात त्याचं माप. आकडे चढतात, पण 'अगं बाई!' असं तोंडातून निघण्याचे प्रसंग उतरत जातात.

बाजारानेही नवऱ्यासारखं मत अनेकदा दिलंय. १९८९ साली निन्टेन्डोने हातात धरून खेळायचा गेम बॉय काढला, हिरवट पडदा, रंग नाहीत. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गियर आला, रंगीत आणि मागून उजळलेला. पण त्याला सहा सेल लागायचे आणि काही तासांतच ते मान टाकायचे. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून पावणेबारा कोटी विकले गेले. गेम बॉयमागच्या गुनपेई योकोई यांचं तत्त्वच असं होतं की जुनं झालेलं, स्वस्त पडणारं, ज्याच्या खोडी पाठ झाल्यात असं तंत्र घ्यायचं आणि ते नव्या तऱ्हेने वापरायचं. २००६ साली त्याच कंपनीने वी नावाचा कन्सोल आणला. प्लेस्टेशन ३ समोर ठेवला तर ताकदीत किरकोळ, साधं एचडी चित्रही देत नव्हता. दहा कोटींहून जास्त विकला गेला, प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबला. लोकांना हात हलवून टेनिस खेळायचं होतं, चेंडूवरचे केस मोजायचे नव्हते.

एवढं वाचून नवरा खुर्चीत रेलला असेल. आता त्याला सरळ बसायला सांगा.

तुमच्या पत्रात एक शब्द आहे, 'पाहिला'. एकच गेम तुम्ही पाहिला. तुमचा मुलगा तो खेळतो. या दोन गोष्टींमध्ये केवढं अंतर आहे ते शब्दांत सांगण्यापेक्षा पुढच्या वेळी पाच मिनिटं कंट्रोलर तुम्ही हातात घ्या. बऱ्याच मोठ्या गेमच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात, एक 'क्वालिटी' आणि एक 'परफॉर्मन्स'. पहिल्यात चित्र जास्त रेखीव, पण सेकंदाला ३० चित्रं. दुसऱ्यात चित्र थोडं साधं, पण सेकंदाला ६०. आधी क्वालिटी लावा. पात्राला एका खांबाजवळ उभं करा आणि उजव्या अंगठ्याने नजर गर्रकन फिरवा. खांब पडद्यावरून जाताना फाटल्यासारखा, अडखळत जाईल. आता मोड बदला आणि तेच करा. खांब सरकेल. तुमचा अंगठा आणि पडदा यांच्यामध्ये जे काहीतरी चिकट होतं, ते निघून गेलंय असं वाटेल. हे तुम्हाला कळेल, पैजेवर सांगतो. माझ्या आईला कळलं होतं, आणि तिला कंट्रोलर कुठल्या बाजूने धरायचा हे मला सांगावं लागलं होतं.

हिशेब इथेही सोपाच. ३० चित्रांमध्ये प्रत्येक चित्राला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० मध्ये १६.७. तेवढ्या वेळात मशीनने जगाची स्थिती मोजायची, सावल्या टाकायच्या, रंग भरायचे, चित्र पुढे ढकलायचं, आणि लगेच पुढच्याला हात घालायचा. कन्सोलला लागणारी ताकद आता मुख्यतः या घड्याळाशी भांडायला लागते. चित्र सुंदर करायला वेळ हवा आणि वेळ तर हवा आहे हाताच्या चपळाईसाठी. एकाच खिशातून दोन्ही खर्च.

आणि हा खिसा फाटल्यावर लोक काय निवडतात, हे सोनीनेच जाहीरपणे सांगितलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रो दाखवताना प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी म्हणाले की असा पर्याय समोर आला की जवळपास तीन चतुर्थांश वेळा खेळणारे परफॉर्मन्सच निवडतात. जरा थांबून विचार करा. इतकी वर्षं चित्राच्या सौंदर्याच्या जाहिराती केल्या, आणि बटण हातात आल्यावर लोकांनी सौंदर्य बाजूला ठेवून चपळाई उचलली. प्रोचा उद्देशही तोच, पहिल्या पर्यायाचं रूप दुसऱ्या पर्यायाच्या वेगात द्यायचं. म्हणजे तुमच्या मुलाला जे हवंय ते 'आणखी छान चित्र' नसावं बहुधा. त्याला ते नीट सांगता येत नाही एवढंच. अठराव्या वर्षी मलाही येत नव्हतं.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि इथे नवरा सरळ चुकतोय.

जुन्या गेममधली एखादी खोली बघा. कोपऱ्यात दिवा, भिंतीवर त्याचा पिवळसर उजेड, टेबलाखाली सावली. सुंदर. आता गोळी झाडून तो दिवा फोडा. काच फुटते, आवाज येतो, आणि भिंत तशीच पिवळी राहते! कारण तो उजेड दिव्याचा नव्हताच, भिंतीवर आधीच रंगवून ठेवलेला होता. गेम बनवणाऱ्यांनी कित्येक तास संगणक राबवून तो एकदाच मोजला आणि चिकटवून टाकला. म्हणून तर अशा गेममध्ये भिंती फोडता येत नाहीत, दिवसाची रात्र मोकळेपणाने होत नाही, आणि एक टेबल सरकवलं तरी पुन्हा सगळं मोजायला बसावं लागतं. रे ट्रेसिंग म्हणजे उजेडाचे किरण खेळता खेळता, त्या १६.७ मिलिसेकंदांच्या आत मोजणं. दिवा फुटला की भिंत काळोखी होते. यासाठी मात्र ताकद लागते, खरी, घसघशीत ताकद. आता काही गेम त्याशिवाय चालतच नाहीत. डिसेंबर २०२४चा इंडियाना जोन्सचा गेम किंवा मे २०२५चा डूम : द डार्क एजेस, दोन्हींना रे ट्रेसिंग करू शकणारी चिप असावीच लागते. बनवणाऱ्यांचा एक मोठा जाच त्यात वाचतो. आणि तो वाचणं गरजेचं आहे, कारण नाकापेक्षा मोती जड झालाय. २०२३ साली अमेरिकेत एका न्यायालयीन खटल्यात सोनीची कागदपत्रं उघडी पडली, त्यांत द लास्ट ऑफ अस भाग २ चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर निघाला. एवढा पैसा ओतल्यावर कोण वेडावाकडा, नवा प्रयोग करायला धजावेल? (सगळे मोठे गेम एकसारखे का वाटतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. पण ते पुन्हा कधीतरी.)

नवरा ज्या कंपनीच्या नावाने शपथ घेत असेल, तिनेही ताकदीकडे कायमची पाठ फिरवलेली नाही. निन्टेन्डोचा स्विच २०१७ साली आला तोच दोन वर्षं जुन्या घराण्याची चिप घेऊन, आणि तरी पंधरा कोटींच्या वर गेला. पण जून २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा त्यात कितीतरी तगडी चिप होती. जुनी मेली म्हणून नव्हे. नवे गेम तिच्यावर उतरवताना इतकी काटछाट करावी लागायची की कधीकधी गेमची रयाच जायची.

आता प्रश्न असा की ही ताकद यायची कुठून. पूर्वी दर काही वर्षांनी चिपवरचे भाग लहान व्हायचे, त्याच जागेत दुप्पट मावायचे आणि तेच मशीन स्वस्तही व्हायचं. भाग अजून लहान होतात, पण स्वस्त होणं जवळपास थांबलंय. म्हणून कंपन्यांनी दुसरी वाट धरली. चित्र कमी ठिपक्यांत काढायचं आणि उरलेले ठिपके शिकवून तयार केलेल्या अंदाजाने भरायचे. प्रोमध्ये याला पीएसएसआर म्हणतात, स्विच २ मध्ये एनव्हिडियाचं डीएलएसएस आहे. दुधाची तहान ताकावर म्हणाल तर तसं आहे, पण ताक आता इतकं दाट झालंय की सोफ्यावरून ओळखू येत नाही. मात्र बारीक जाळी, गवताची पाती, लांबच्या तारा अशा ठिकाणी अंदाज फसतो आणि किंचित लुकलुक दिसते. मुलाला हे माहीत असेल. नसेल तर जाळीच्या कुंपणाकडे बघायला सांगा.

एक गोष्ट मात्र तुमच्या घरच्या वादात कुणीच बोलत नाहीये, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. गेम अडकतो तेव्हा दोष ग्राफिक्सचाच असतो असं नाही. मायक्रोसॉफ्टचा स्वस्तातला कन्सोल एक्सबॉक्स सीरिज एस घ्या. बाल्डर्स गेट ३ त्याच्यावर आणताना पडदा दोन भागांत वाटून दोघांनी खेळायची सोय जमेना, अडचण मुख्यतः मेमरीची. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर गेम आला तो सीरिज एसवर त्या सोयीविनाच. किंवा प्लेस्टेशन ४ वरच्या स्पायडर-मॅनची गंमत ऐका. त्यात शहरातल्या एका टपालपेटीचा डेटा हार्ड डिस्कवर ४०० वेळा साठवलेला होता. तीच पेटी, ४०० वेळा! कारण फिरत्या डिस्कला शोधाशोध करायला वेळ लागायचा, म्हणून शहराच्या प्रत्येक तुकड्यासोबत तिची एकेक प्रत ठेवून दिली. प्लेस्टेशन ५ मध्ये वेगवान एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण, आली आणि या उचापतीची गरज संपली. या पिढीतला सगळ्यात मोठा बदल माझ्या मते हा होता, आणि त्यात ग्राफिक्स चिपचा काडीचा संबंध नाही. लोडिंगची चकरी फिरत असताना आपण किती आयुष्य घालवलं, देव जाणे.

प्रोच्या बाबतीत तर हे ध्यानात ठेवाच. त्याचा ग्राफिक्स भाग दांडगा झालाय, पण मुख्य प्रोसेसर जवळपास आधीचाच आहे, गेमने मागितलं तर दहाएक टक्के जास्त पळतो इतकंच. त्यामुळे शंभर माणसांच्या गर्दीत, मोठ्या लढाईत किंवा गजबजलेल्या शहरात जे गेम प्रोसेसरमुळे दम टाकतात, ते प्रोवरही बऱ्यापैकी दम टाकतील. मुलाचा आवडता गेम त्या जातीचा असेल तर एवढा खर्च करून त्याच्या पदरी निराशा पडेल. कोणता गेम कुठे अडकतो हे त्याला पक्कं माहीत असणार, त्याच्याकडून नाव घ्या.

आणि खर्च करण्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारा. माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्या टीव्हीला चार एचडीएमआय खाचा, त्यांतल्या दोनच १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं घेऊ शकणाऱ्या. मी कन्सोल लावला होता तिसरीत, कारण वायर तिथवर नीट पोचायची. काही गेममध्ये सेकंदाला ४० चित्रांचा एक मधला पर्याय असतो. चित्र जवळजवळ क्वालिटीसारखं, आणि प्रत्येक चित्राला २५ मिलिसेकंद, म्हणजे ३० आणि ६० च्या वेळांच्या बरोबर मधोमध. मला तो भयंकर आवडतो. पण पडदा १२० हर्ट्झचा मिळाला नाही तर तो पर्याय यादीत दिसतच नाही. आठ महिने मी गेम बनवणाऱ्यांना शिव्या घालत होतो. शेवटी धूळ पुसताना वायर निघाली आणि पुन्हा लावताना चुकून पहिल्या खाचेत गेली.

त्याच टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तोही बघा. तो बंद असला की टीव्ही येणारं प्रत्येक चित्र आधी स्वतःच्या अकलेने घासूनपुसून मग दाखवतो, आणि काही टीव्ही त्यात ५० मिलिसेकंदांहूनही जास्त वेळ खातात. आता वरचा हिशेब आठवा. ३० वरून ६० वर गेल्याने एका चित्रामागे वाचतात १६.६ मिलिसेकंद. म्हणजे रिमोटवरच्या एका बटणाने हाताला जेवढा फरक जाणवेल, तेवढा कदाचित नव्या मशीननेही जाणवणार नाही. बटण फुकट आहे.

तुमच्यापुरतं माझं मत असं. आता प्रो घेऊ नका. मुलगा मुख्यतः मित्रांसोबत ऑनलाइन फुटबॉल किंवा नेमबाजी खेळत असेल तर ते गेम आहे त्या मशीनवरही ६० चित्रांनी पळतात, काही तर १२०नेही, आणि त्यांना यापुढेही काही वर्षं धक्का नाही. एकट्याने खेळायच्या, मोठ्या, देखण्या गेममध्ये तो रमत असेल आणि तुमचा टीव्ही खरोखर मोठा व जवळ असेल, तर त्याची मागणी अगदीच पोरकट नाही, पण मग पुढच्या पिढीपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे. नवऱ्याला मात्र 'कंपन्यांचा धंदा' हे वाक्य मागे घ्यायला लावा. धंदा आहेच, पण फुटलेल्या दिव्यानंतर भिंत काळी व्हावी यासाठीही काही लोक झगडत असतात.

पंचाचं काम मात्र तुम्ही स्वतः करू नका, ते त्या दोघांकडूनच करून घ्या. मावसबहिणीकडे पुन्हा जा. दोन्ही मशीन एकाच टीव्हीला जोडा, दोघांना नेहमीच्या सोफ्यावर बसवा आणि कन्सोल त्यांना दिसणार नाहीत असे झाका. मशीन कोणतं आणि मोड कोणता, हे दर वेळी तुम्ही गुपचूप ठरवायचं. गेम आणि जागा मात्र तीच ठेवा. एकदा याने खेळायचं, एकदा त्याने, आणि दोन्ही उत्तरं कागदावर लिहायची. दहा वेळा करा. माझा अंदाज आत्ताच लिहून ठेवतो : मोड तुमचा मुलगा दहाही वेळा बरोबर सांगेल, तेही नजर एकदा फिरवल्याबरोबर. मशीन सांगताना अडखळेल. नवऱ्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही, पण त्याचा कागद जपून ठेवा आणि मला कळवा.